एकतीसनंतर एक

विषम तारखेला डावीकडे, सम तारखेला उजवीकडे,
असा बोर्ड आहे आमच्या गल्लीत,
धुळ्यात, जिथे गल्ल्यांना नावं कमी, नंबर जास्त.
मी कूलर दुरुस्त करतो. ओम्नी हेच दुकान:
मागे गवताचे गठ्ठे, दोन पंप, पत्र्याची कात्री,
एक वाकडी पाती, जी सरळ करायची राहूनच जाते.

एकतीस मेला गाडी डावीकडे होती.
एक जूनलाही डावीकडेच.
दुपारी मोबाईल वाजला. पाचशे रुपये.
खाली फोटो: माझी ओम्नी एकटी,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखी,
आणि समोर, उजवीकडे, अख्ख्या गल्लीची रांग.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं,
दुधाचे खाडे मांडलेलं, गॅसच्या तारखेला गोल केलेलं.
बायको म्हणाली, आज दूध नाही आलं तर लिहू कुठे?
म्हटलं, संध्याकाळपर्यंत लक्षात ठेव.

ट्रॅफिक ऑफिसात कोपऱ्यातला कूलर बंद.
लांबूनच कळलं, पंप गेलाय. बोललो नाही.
हवालदार बडगुजर म्हणाले,
"काल तठे व्हती ना गाडी? मंग आज आठे पायजे."
त्यांच्यासाठी रस्ता म्हणजे भाकरी,
एक बाजू झाली की उलटायची.

मी भदाणे मॅडमच्या टेबलावर मूठ ठेवली,
पत्र्याने जागोजागी कापलेली.
जानेवारी उंच, फेब्रुवारी खोल, मार्च उंच.
मॅडम, उंचवट्यावरचा महिना एकतीसचा.
एकतीस विषम. त्याच्या मागून येतो एक. तोही विषम.
वर्षातून सात वेळा हा रस्ता कूस बदलत नाही.
लीप वर्षात आठ.

त्यांनी टेबलाखाली स्वतःची मूठ वळून पाहिली.
हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
"म्हणजे तुम्ही एकटे बरोबर,
आणि समोरचे सगळे चूक."
दोन बोटांनी फोटो मोठा केला.
"नंबर दिसतायत. लावू यांना?"

बोट सरकत गेलं रांगेवरून:
रक्त तपासणाऱ्या मोरेची स्कूटी,
युसूफभाईंचा छोटा हत्ती, ज्यांचा जॅक अजून माझ्याकडे,
क्लासच्या पोरींच्या सायकली,
ज्यांना दंड नसतो, पण त्याही उजवीकडेच,
माझ्या शालकाची नवी कार, लिंबू-मिरचीसकट.
शालकाचं, खरं सांगतो, मला चाललं असतं.

मॅडम थांबल्या होत्या.
कॅलेंडरची दोरी मी बोटाला गुंडाळत होतो, सोडत होतो.

"दंड भरतो," म्हटलं, "पण पावतीवर लिहा,
गाडी बरोबर उभी होती."
त्यांनी संगणकात वरखाली शोधलं, अगदी मनापासून.
"असा रकाना नाही हो, देवरे."

पाचशे भरले.
निघताना कोपऱ्याकडे बोट केलं:
"पंप गेलाय त्याचा. मजुरीसकट पाचशे होतील."
मॅडमनी बडगुजरांकडे पाहिलं, बडगुजरांनी छताकडे.

घरी दूध आलं नव्हतं.
खाडा मांडला, कॅलेंडर खिळ्यावर.

एकतीस जुलै गेला.
एक ऑगस्टला गल्ली सवयीने पलीकडे सरकली.
अलीकडे माझी ओम्नी, काचेवर चिखलाचे शिंतोडे.
बडगुजर आले. मोबाईल काढला, नेम धरला.
मग दुसऱ्या हाताची मूठ वळली.
ओठ हलत होते.
जुलै उंच.
ऑगस्ट, पुन्हा उंच.
मोबाईल हळूच खिशात गेला.
मूठ मात्र तशीच राहिली बराच वेळ,
समोरच्या रांगेकडे बघत,
कोणावर उगारावी ते ठरत नसल्यासारखी.